तोफ नसल्याचा दाखला

ती आली दोन खोक्यांत आणि एका कंटेनरात,
धड एकीकडे, पंख दुसरीकडे,
ग्दिन्या ते विल्मिंग्टन, तेवीस दिवस,
आणि चाकांना मात्र नवे मोजे घातल्यासारखं प्लास्टिक.
इस्क्रा. म्हणजे ठिणगी, बोगुमिल म्हणाला.
मी नाव घेतलं की तो हसतो.
म्हणतो, तुझ्या तोंडात ती विझते.

कस्टमच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"नाकात तोफ होती. ती नाही, याचा कागद?"
म्हटलं, भोक आहे, वर पत्रा ठोकलाय, चला दाखवतो.
"भोक नको. कागद हवा."

माझं वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं रताळी विकली.
मुलगी म्हणते, म्हातारपणी खाज सुटलीय तुम्हाला,
आणि खाजेला आपल्याकडे औषध नाही,
फक्त आयात शुल्क आहे.

फॉर्मवर एक रकाना होता: वापराचा उद्देश.
तो मी कोराच ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी मोटेलची भिंत पाठ झाली,
तेव्हा नदीपलीकडे गेलो युद्धनौका बघायला.
चिखलात बसली होती, म्हशीसारखी,
पाणी अंगावर घेत, कुणाकडे न बघता.
नऊ नळ्या आभाळाकडे.
एकेका गोळ्याचं वजन मोटारीएवढं, पाटीवर लिहिलेलं.
खाली उतरताना डोकं आपटलं. दोनदा.
न्हाव्याची खुर्ची. दाताच्या डॉक्टरची खुर्ची.
आइस्क्रीमचं यंत्र, त्यापुढे फोटो काढणाऱ्यांची रांग.
वर डेकवर एक पोरगं विमानवेधी तोफेच्या सीटवर बसून
चाक फिरवत होतं, ढिशांव, ढिशांव,
आणि त्याची आई त्याला सॅंडविच भरवत होती.

बोगुमिल रंगाचे थर नखाने मोजत होता.
वाटाड्याला म्हणाला, "हिच्या तोफांचा कागद आहे?"
लव्हिक नावाचा तो म्हातारा, पोट पट्ट्यावर आलेलं,
त्याला विनोद कळला नाही.
म्हणाला, माझा काका अशाच एका जहाजावर पाव भाजायचा.
लढाईचं विचारलं की एवढंच सांगायचा,
तोफा सुटल्या की फुगलेलं पीठ खाली बसायचं.
मग पुन्हा मळायचं.
दुसरं काही कधी बोलला नाही.
मेला तेव्हा खिशात यीस्टचं पाकीट होतं.

आम्ही बराच वेळ भट्टीपाशी उभे राहिलो.
भट्टी थंड होती. लोखंड ते लोखंड.

परत येताना पुलावर बोगुमिल बोलला,
एकोणीस वर्षांचा होतो, मिएलेत्सच्या कारखान्यात.
डाव्या पंखाचे रिव्हेट माझ्याकडे.
पोरं शिकायची या विमानांवर.
दोघं परतली नाहीत.
लढाई कसली, लढाई नव्हतीच.
धुकं होतं.
मी विचारलं, डावा पंख होता का?
तो म्हणाला, तेव्हापासून मीही तेच विचारतोय.

चौथ्या दिवशी कागद आला,
पोलंडहून, फॅक्सने, अर्धा काळा.
शिक्का वाचता येत नव्हता,
पण शिक्का होता, आणि बाईंना तेवढं पुरे होतं.
मग त्यांचं बोट कोऱ्या रकान्यावर येऊन थांबलं.
मी पेन घेतलं.
छंद लिहिणार होतो.
लिहिलं: रविवारी सकाळी, धुकं नसेल तर.

बाईंनी ते वाचलं. माझ्याकडे बघितलं.
काट मारून वर 'वैयक्तिक' लिहिलं,
आणि काट इतकी हलकी मारली
की खालचं सगळं वाचता येत होतं.

गोदामात पहिलं खोकं उघडलं.
रॉकेलचा वास, आणि कुणाच्या तरी तंबाखूचा.
बोगुमिलने डाव्या पंखाकडे पाहिलंच नाही.
आधी नाकापाशी गेला,
आणि भोकावरच्या पत्र्यावरून बोट फिरवत राहिला,
पडलेल्या दाताच्या जागी
जीभ जाते, तसं.